आठ वाजताचा शिक्का

संध्याकाळी आठच्या ठोक्याला कचेरीतले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडायचे. कुणाला उठून बटण दाबावं लागायचं नाही आणि कुणी विनवण्या केल्या तरी उपयोग नसायचा. आधी बत्तीस पडदे काळे व्हायचे, मग दिवे, मग हीटर. जपानमधल्या नागाओका शहरातली ही कंपनी शीतगृहांची दारं बनवायची. वीज वाचवल्याबद्दल तिला प्रांताकडून मानपत्र मिळालं होतं, ते दर्शनी भिंतीवर काचेत लावलेलं होतं. त्यावर नाव कंपनीचं असलं तरी ते आपलंच आहे असं साकुमा तेरुओला मनातून वाटायचं, आणि त्याचं फारसं चुकत नव्हतं.

साकुमा व्यवस्था विभागात होता. अठ्ठावन्न वर्षांचा, नाकासमोर चालणारा माणूस. दाराशी टांगलेला तक्ता त्याच्या ताब्यात असे. तारीख, कॉम्प्युटर बंद, दिवे बंद, खिडक्या बंद, आणि शेवटच्या रकान्यात सगळ्यांत शेवटी बाहेर पडणाऱ्याने वेळ लिहून आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा. पण घरी निघालेल्या माणसाला शिक्का कुठला आठवतो? रकाने रिकामे राहायचे, आणि रिकामा रकाना साकुमाला बघवायचा नाही. शेवटी त्याने एक सोय काढली. एक तारखेला सकाळी चहा घेता घेता तो अख्ख्या महिन्याचे शिक्के स्वतःच मारून मोकळा व्हायचा. वेळ सगळीकडे आठ. नाहीतरी आठला सगळं बंदच होतं, मग यात खोटं ते काय, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. तो स्वतः साडेसहालाच घर गाठायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, रस्त्यावर बर्फ उपसणं चाललेलं असताना, किदो चिझुए कंपनीत आली. तिचा नवरा इथे आराखडे काढायचा. नोव्हेंबरात एका सकाळी कामावर निघताना तो उंबऱ्याशी बूट घालायला बसला आणि उठलाच नाही. एक्केचाळीस वर्षांचा होता. कामाच्या बोज्याने माणूस गेला, असा अर्ज चिझुएने कामगार कचेरीत दिला होता. तिथून उत्तर आलं होतं की कंपनीच्या नोंदीप्रमाणे तो रोज आठच्या आत काम थांबवत होता.

बैठकीच्या खोलीत जाण्याआधी विभागप्रमुख हिराबायाशीने साकुमाला जिन्याजवळ गाठलं.

"साकुमासान, कागदावर आहे तेवढंच बोला. दोन वर्षांत निवृत्त होताय. आता कशाला हात पोळून घेताय?"

"मी कधी जास्त बोललोय का?" साकुमा म्हणाला.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

चिझुएने आल्याबरोबर वाकून नमस्कार केला आणि तांदळाच्या बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. नवऱ्याच्या सहकाऱ्यांनी त्या दिवसांत पुष्कळ केलं, त्याबद्दल. डबा कुणी उघडला नाही. मग तिने पिशवीतून कागद काढले. दाराशी टांगलेल्या तक्त्याच्याच नकला होत्या त्या, सहा महिन्यांच्या.

"पैशांचं राहू द्या," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, आठला सगळं बंद होत होतं तर माझा नवरा रात्री एक वाजेपर्यंत होता कुठे? घर पंचवीस मिनिटांवर आहे. सासूबाई विचारतात. थोरली नववीत आहे, तीही विचारते. मी काय सांगू त्यांना?"

"किदोसान," हिराबायाशी हळुवारपणे म्हणाला, "दिवसभराचा शीण असतो. माणूस कुठे बसतो, दोन घोट घेतो. त्यात वाईट काही नाही."

"दारूचा थेंब चालत नव्हता त्याला. चेहरा लाल व्हायचा."

तिचा नवरा किदो कुठे होता हे साकुमाला माहीत होतं. ऑक्टोबरात विसरलेली छत्री न्यायला तो रात्री नऊनंतर परत आला होता. अंधाऱ्या कचेरीत किदो ओव्हरकोट घालून, टॉर्च दातांत धरून कागदावर पेन्सिलीने आराखडा काढत होता. "अरे किदो-कुन, घरी जा की," साकुमा म्हणाला होता. किदोने टॉर्च हातात घेतला. "कॉम्प्युटर बंद आहे हो साकुमासान. तुमची एका येनचीही वीज जाळत नाहीये मी. हे सकाळी नुसतं कॉम्प्युटरमध्ये भरायचं." दोघेही हसले होते. साकुमा छत्री घेऊन निघून गेला होता, आणि त्यानंतर एकदाही त्याने त्या गोष्टीवर अवाक्षर काढलं नव्हतं. नोंदी कामगार कचेरीत गेल्या तेव्हाही तो मूग गिळून बसला.

चिझुएने नोव्हेंबरचा कागद वर काढला. एका ओळीवर तिने बोट ठेवलं.

"ही एकोणीस तारीख. त्या संध्याकाळी आमच्याकडे त्याचं अंत्यदर्शन होतं. दाराशी टेबलामागे बसून येणाऱ्यांची नावं तुम्हीच लिहून घेत होतात. नऊ वाजेपर्यंत. मी तुम्हाला चहा पाठवला होता. आणि इथे आठ वाजता तुमचा शिक्का आहे."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, आणि ते साकुमाला आरोपापेक्षा जड गेलं.

"साकुमासानांचा शिक्का खणातच असतो," हिराबायाशी चटकन म्हणाला. "कुणीतरी त्यांच्या वतीने मारला असणार. होतं असं. हो ना, साकुमासान?"

वाट मोकळी होती. नुसती मान हलवायची होती. एवढ्या वर्षांत साकुमाने वरिष्ठांसमोर शेकडो वेळा मान हलवली होती, त्याला त्याचे कष्ट कधीच पडले नव्हते.

"नाही," तो म्हणाला. "मीच मारला. एकोणीसचा शिक्का मी एक तारखेला मारला. तीस तारखेचाही. सगळ्या महिन्यांचे असेच आहेत."

"साकुमासान," हिराबायाशी म्हणाला.

"आठला कोण गेलं, कोण राहिलं, या कागदाला काहीच माहीत नाही, किदोसान. मी इथे नसायचोच. कॉम्प्युटर बंद झाले की काम संपलं असं आम्ही धरून चालायचो. काम तेवढंच होतं, ते कमी केलं नव्हतं कुणी. तुमचे मिस्टर इथेच असायचे. त्या खिडकीजवळच्या टेबलाशी. कागदावर, हाताने काढायचे सगळं. मी पाहिलंय. पाहून घरी गेलो. कामगार कचेरीत मी हेच लिहून देतो. शिक्का मारून."

हिराबायाशी खुर्ची सरकवून बाहेर गेला. कुणाला तरी फोन करायला गेला असणार, आणि त्या फोनचा अर्थ साकुमाला कळत होता. त्याला भीती वाटली, आणि लाज त्याहून जास्त वाटली.

चिझुएने कागद एकावर एक लावले.

"आठनंतर हीटरही बंद व्हायचा का?"

"हो. आठलाच."

"हात बर्फासारखे असायचे त्याचे," ती म्हणाली. "मी विचारायचे, एवढा वेळ बाहेर कुणासोबत उभा असतोस? तो नुसता हसायचा. शेवटचे दोन महिने मी अंथरूण वेगळं घातलं."