मांडवावरचे ऊन

युजीनने सुकेळ्याचा दुसरा घास तोंडात घेतला आणि डोळे मिटून, सावकाश, तो दाढांमागे फिरवीत राहिला. समोरच्या खुर्चीत बिल्डरचा माणूस जितेंद्र मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी धरून बसला होता. ओटीच्या खांबाला टेकून ॲल्रॉय उभा होता आणि त्याची नजर बापाच्या हलत्या जबड्यावर होती. आतल्या दारात त्याची बायको मार्था. तिने पदराचे टोक बोटाभोवती इतके घट्ट गुंडाळले होते की बोट पांढरे पडले होते. कुंपणापलीकडे, टॉवरच्या पोटात कुठेतरी, ड्रिल मशीन सुरू झाले आणि आपले आपणच थांबले.

युजीनने ओठांवरून जीभ फिरवली. थांबून पुन्हा फिरवली. मग पाणी मागितले.

मार्थाने तांब्या आणून दिला. अर्धे पाणी पिऊन त्याने तो खाली ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला,

"सुकलंय."

जितेंद्रने फाईल पिशवीत घातली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाट बघण्याचाच पगार मिळणाऱ्या माणसाचा शांतपणा होता.

"अंकल, तुमच्या केळ्यापुढे आमच्या साहेबांनी हात टेकले," तो हसत म्हणाला. "ठीक आहे. पुढच्या सीझनला येतो परत. टॉवर काय, तो कुठे जातोय?"

ॲल्रॉय हसला नाही. विरारला चंदनसारच्या भाड्याच्या दोन खोल्यांतून तो आज रजा टाकून आला होता.

"एका केळ्यावर आमचं सगळं अडलंय, पप्पा," तो एवढेच म्हणाला आणि जितेंद्रच्या मागोमाग फाटकाबाहेर पडला.

या घराला केळ्याचे हे बंधन युजीननेच घातले होते. वाडीच्या पूर्वेला पहिला टॉवर उभा राहू लागला, तेव्हा बिल्डर स्वतः याच ओटीवर येऊन बसला होता. चर्चचे फादरही होते. वाडी द्या, दोन फ्लॅट घ्या, असे सरळ बोलणे झाले. युजीनच्या वाडवडिलांनी राजेळी केळी पिकवली, सोलली, अंगणातल्या बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवली आणि केळीच्या वाळक्या सोपटात बांधून साऱ्या मुलखाला खाऊ घातली. सुकेळ्याला दुसरे काही लागत नाही; साखर नाही, चूल नाही. आठवडाभराचे कोरडे ऊन लागते. त्या दिवशी युजीनला ऊन ही कधी न सरणारी वस्तू वाटत होती. म्हणून तो सगळ्यांसमक्ष बोलून गेला, "ज्या वर्षी माझ्या अंगणात सुकेळं सुकणार नाही, त्या वर्षी सही. त्याआधी नाही." फादर हसले होते. बिल्डरने मात्र मान वर करून आकाशाकडे पाहिले होते.

मग दक्षिणेला दुसरा टॉवर आला, पश्चिमेला तिसरा. उत्तर तेवढी मोकळी राहिली. पण उत्तरेकडून ऊन कधी कुणाच्या दारी आले आहे? सकाळ आता वाडीत उशिरा उतरत असे आणि मांडवावर क्षणभर टेकून, चुकून आलेल्या पाहुण्यासारखी, पाठ फिरवीत असे. केळी उंच वाढत, बारीक होत. जास्वंदीच्या कळ्या मिटल्या मिटल्याच गळत. विहिरीच्या पाण्याचा रंग दुपारीही संध्याकाळचा असे. वर पाहिले की खिडक्यांच्या रांगांमागून रांगा, आणि त्यांच्या वर आभाळाचा एक चौकोन; जणू कुणी मोजून कापून दिलेला.

गेल्याच्या गेल्या वर्षी मांडवावरची केळी पहिल्यांदा काळी पडली. चटईला चिकटली, त्यांना आंबूस वास सुटला. मार्थाने ती अंधारायच्या आत उचलली आणि शेजारच्या गायीपुढे टाकली. युजीनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता; त्याला मांडव दिसे, मांडवावरचे दिसत नसे. त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा केळीच्या ओळींमधून हात पुढे करून चालत गेला, प्रत्येक खोडाला स्पर्श करीत, रात्री मुलांची डोकी मोजणाऱ्या बापासारखा. मार्था ते बघत उभी राहिली. वाडी गेली तर हा हात कशाला लावील, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती पूर्वेच्या टॉवरमध्ये फुले द्यायला गेली, ती टोपलीत फुलांखाली नव्याने सोललेली केळी घेऊन. अठराव्या मजल्यावरच्या स्वप्नाला ती रोज पूजेची फुले देत असे. गच्चीची किल्ली तिच्याच घरी असायची, कारण नवरा सोसायटीच्या कमिटीवर होता. मार्थाने अडखळत सांगितले. स्वप्नाने पुरते ऐकूनही घेतले नाही.

"काकू, खुशाल घाला वाळत. फक्त वाडी विकू नका," ती म्हणाली. "बाग दाखवून तर फ्लॅट दिला आम्हाला. चार पैसे जास्त घेतले त्या बागेचे. उद्या तिथे भिंत आली तर मी दिवसभर बघू कशाकडे?"

त्या वर्षीची सुकेळी गच्चीवर झाली. गेल्या वर्षीची आणि या वर्षीचीही. सकाळी टोपली वर जाई; संध्याकाळी केळी गोळा होऊन स्वप्नाच्या स्वयंपाकघरात झाकून राहत; आणि पुरती वाळली की मार्था ती फुलांच्या रिकाम्या टोपलीतून खाली आणून मांडवावर पसरून ठेवी. त्यानंतर जितेंद्र येई, युजीन चाखे, वर्ष पुढे सरके.

गच्चीवर पहिल्यांदा पाऊल ठेवले तेव्हा तिचे डोळे दिपले होते. तिथे ऊन होते. नुसते ऊन नव्हे. लहानपणीचे, अंगभर सांडणारे, कुणाला विचारून न येणारे ऊन. पश्चिमेच्या टॉवरच्या बाजूने, झाडांच्या पलीकडे, समुद्राची एक चकचकीत रेघ होती आणि तिकडून वारा थेट येत होता. खाली, खोल विहिरीच्या तळाशी दिसावे तसे, तिचे घर दिसत होते. कौले हिरवट पडलेली. अंगणात एक ठिपका खुर्चीत बसलेला. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना त्या उन्हात बरे वाटले. केळी पालथी घालून झाली तरी ती पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसून राहिली. नंतर ती रोजच बसू लागली. लिफ्टचे दार उघडले की तिला खाली जावेसे वाटत नसे. आणि तसे वाटत नाही याची लाज घेऊनच ती खाली उतरत असे.

पाहुणे गेले आणि ओटीवर दोघेच उरली. उरलेले सुकेळे ताटलीत तसेच होते. मार्थाने ताटली उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," युजीन म्हणाला. त्याने सुकेळ्याचा तुकडा मोडला आणि तिच्यापुढे धरला. "खा."

तिने खाल्ला. गोड होता. चांगलाच गोड.

"ओठ चाट आता."

तिने ओठ चाटले, आणि तिचा हात ताटलीवर जागच्या जागी थांबला.

"मीठ आहे त्यावर," तो म्हणाला. "आपल्या अंगणात खारा वारा कधी आला नाही. माझ्या बापाच्या वेळीही नाही. झाडं अडवायची. आता हे अडवतात." त्याने हनुवटीने टॉवरकडे खूण केली. "गेल्या वर्षीही होतं."

मार्था खालच्या पायरीवर बसली. तिने विचारले, की माहीत होते तर आज सगळ्यांसमोर बोलला का नाहीत.

"काय बोलणार होतो? माझी बायको खोटं बोलते म्हणून?" तो म्हणाला. "सुकलंय, एवढंच म्हटलं मी. कुठं सुकलं ते मला कुणी विचारलं नाही."

टॉवरच्या कुठल्याशा मजल्यावर खिडकीची काच सरकली. सूर्य पलीकडे गेला असावा. समोरच्या काचांवर तांबूस उजेड पेटला आणि त्याचे फिकट प्रतिबिंब क्षणभर मांडवावर येऊन पडले. ऊब नसलेले.

"मी वाट बघत होतो, मार्था. काळी पडायची," युजीन म्हणाला. तो ताटलीकडे बघत बोलत होता. "थकलो मी. पाणी घालतो तेही सावलीलाच घातल्यासारखं वाटतं. पण शब्द दिला होता, आपणहून कसा मोडू? म्हटलं, एकदा केळी काळी पडली की सुटलो. आणि दर वर्षी तू ही अशी सोन्यासारखी आणून ठेवतेस."

"मला वाटलं, वाडीशिवाय तुम्ही..." तिने वाक्य सोडून दिले.

"ठाऊक आहे." त्याने ताटली बाजूला सारली. मग, जवळजवळ हसत, म्हणाला, "तू उशिरा यायचीस खाली. तुझ्या पदराला उन्हाचा वास असायचा. म्हटलं, हिला तरी मिळू दे."

मार्थाने पदर आवरून मांडीत घेतला. तांबूस उजेड मांडवावरून उतरला, जमिनीवर आला, मग नाहीसा झाला. केळीच्या पहिल्या ओळीवर लोंबणारा राजेळीचा घड तिला इथून दिसत होता. अजून कोवळा, पुढच्या खेपेचा.

"पुढच्या वेळी कुठं वाळत घालू?" तिने विचारले.

"ते तू ठरव," म्हणत युजीन खुर्चीच्या हातावर भार देऊन उठला. चपला त्याने पायांनीच चाचपून शोधल्या. पायऱ्या उतरताना त्याचा हात क्षणभर तिच्या खांद्यावर टेकला, आधारासाठी टेकावा तेवढाच. आणि मग तो हात पुढे करून केळीच्या ओळीत शिरला, एकेका खोडाला स्पर्श करीत, सावलीतून आतल्या सावलीकडे.