मी रिकामा उभा राहिलो तो शुक्रवार

मी प्रसूतीच्या खोलीतला सलाईनचा स्टँड बोलतोय. स्टीलचा दांडा, वर चार हूक, खाली पाच चाकं. त्यातलं एक कायम कुरकुरतं. कारखान्यातून इथे आलो तेव्हा छाती फुगली होती. इतर स्टँड दुखण्याजवळ उभे राहतात, मी जन्माजवळ.

सुरुवातीला काम बेताचं होतं. एखादीचा रक्तदाब चढला, पाणी जाऊन बराच वेळ झाला किंवा दिवस फार वर गेले, की कळा आणणारी सलाईन माझ्या हुकाला लागायची. त्या बाटलीनं वाचलेले जीव मी पाहिलेत. त्याचा अभिमान आजही आहे.

मग शुक्रवारची पद्धत पडली. शनिवार-रविवारी माणसं कमी, म्हणून तारीख जवळ आलेल्या सगळ्यांना शुक्रवारीच कळा आणायच्या. डॉक्टरीणबाई मनाच्या वाईट नव्हत्या. उशिरानं काही विपरीत होईल ही धास्ती. पण शुक्रवारी मला मान वर करायला फुरसत नसे. कित्येकींचं शरीर तयारच नसायचं. दोन-दोन दिवस कळा सोसून शेवटी ऑपरेशन. मला माझीच लाज वाटायची.

अशाच एका शुक्रवारी एक शिक्षिका आली. पहिलटकरीण. फाइलवर लिहिलेलं, तारीख उलटून आठ दिवस. थोरल्या बहिणीचं असंच होऊन शेवटी पोट कापावं लागलं होतं, म्हणून तिनं आईचा हात घट्ट धरलेला.

मोठ्या सिस्टरनी मला पलंगाशी ढकलत आणलं आणि फाइल चाळता चाळता त्या थांबल्या.

"पाळी वेळेवर यायची का गं तुझी?"

"कुठली वेळेवर? चाळीस दिवसांनी यायची."

"मग सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. शेवटच्या पाळीची तारीख विचारली, ती सांगितली."

सिस्टरनी फाइलमधून तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा कागद काढला. पाळी लांबते तिला दिवसही उशिरा राहतात; त्या कागदावर तारीख बारा दिवस पुढची होती. उलटणं राहिलं बाजूला, अजून चार दिवस बाकी होते! तो कागद घेऊन त्या डॉक्टरीणबाईंपुढे उभ्या राहिल्या.

"मॅडम, घाई आपल्याला आहे, बाळाला नाही."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. रक्तदाब, बाळाचे ठोके, बाळाभोवतीचं पाणी, सगळं स्वतः तपासलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. घरी जा. बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच या."

बाटली उघडलीच नाही. मी जिंकलो, एक थेंबही न वाहता!

बुधवारी सकाळी शिक्षिका आपल्या पायांनी, आपल्या कळा घेऊन आली. दुपारी जेवणाच्या वेळेला मुलगी झाली आणि तिनं रडून खोली डोक्यावर घेतली. मी पलंगाशेजारीच होतो. माझ्या हुकाला तेव्हा नव्या आजीबाईंची कापडी पिशवी लटकत होती. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

त्यानंतर शुक्रवारची पद्धत मोडली. आता आधी तारीख पुन्हा तपासतात, कारण लिहितात, आईला विचारतात, मगच मला बोलावतात. मी म्हातारा झालोय, दांड्याची चकाकी गेली, पण ताठ उभा आहे.

डॉक्टरांनो, खरी गरज पडली तर बेलाशक हाक मारा, कुरकुरत का होईना, धावत येईन. एरवी मला कोपऱ्यात सुखानं राहू द्या. नऊ महिने वाट पाहिलीत, आणखी चार दिवस पाहा.