काचेआडचं ऊन

मित्रांनो, मी एक म्हातारा इग्वाना आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला बघून "बापरे, केवढी ही पाल" म्हणतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी पाल नाही. माझ्या गळ्याखाली झालर आहे, पाठीवर काट्यांची रांग आहे आणि माझी शेपूट माझ्या अंगाहून लांब आहे. चेहरा तेवढा जन्मापासूनच नाराज दिसतो, त्याला माझा इलाज नाही. त्या चेहऱ्यामुळेच या घरच्या लेकीने माझं नाव खडूस ठेवलं.

तिच्या मैत्रिणीने घर बदलताना मला खोक्यात घालून इथे आणलं आणि "दोन दिवस सांभाळ" म्हणून सांगितलं. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. लेक तेव्हा शाळेत होती, आता कपडे शिवायच्या दुकानात कामाला जाते. तिची आई माझ्यासाठी पाला चिरते आणि चिरता चिरता घरातल्या सगळ्या तक्रारी मला ऐकवते. मी मान हलवतो, म्हणून तिला वाटतं की मला सगळं पटतं.

लेकीचे वडील काचा बसवतात. खिडक्या, दारं, दुकानांची दर्शनी तावदानं, सगळी त्यांच्या हातची. गल्ली त्यांना काचवाले म्हणते, मीही तेच म्हणतो. आधी ते माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. "हा भुंकत नाही की दूध देत नाही, कशाला पोसायचा?" असं विचारायचे. मग एका दुपारी मी त्यांच्या खांद्यावर चढून झोपलो आणि माणूस विरघळला. तेव्हापासून कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी ते गॅलरीत येऊन माझी मान खाजवायचे.

ती गॅलरी हेच माझं राज्य. समोर तारेची जाळी, जाळीतून येणारं ऊन आणि उन्हात माझी फळी. मी तिथे पसरून पाठ शेकायचो. जास्वंदीचं फूल दिसलं की वय विसरून फळीवरून खाली झेपावायचो. "खादाड कुठला," असं आई कौतुकाने म्हणायची.

एका थंडीत मात्र सकाळी मी फळीखाली पडलेला सापडलो, अंग गारठून लाकूड झालेलं. काचवाले मला शर्टाच्या आत घेऊन बसून राहिले. मी हललो तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. त्यानंतर त्यांनी गॅलरीची जाळी काढली आणि तिथे काच बसवली. उरलीसुरली नव्हे, चांगली जाड, नवीकोरी. कडेने पुट्टी भरली आणि बोट फिरवून फिरवून तपासली. "आता वाऱ्याला फट सापडणार नाही," ते म्हणाले. शेजारी बघायला आले, वा वा झाली. मलाही आवडलं. ऊब होती, उजेड होता. मी पूर्वीसारखाच रोज ऊन खातोय असं मला वाटत होतं.

मित्रांनो, मला कळलं नाही, तर त्यांना कसं कळणार?

पुढे हळूहळू माझं काहीतरी बिनसलं. आधी भोपळ्याचे तुकडे चावताना जबडा दुखू लागला, म्हणून मी ते सोडले. मग देठ सोडले. मग फूल समोर असूनही मी तोंड फिरवलं. भूक नव्हती असं नाही. पोटात कावळे ओरडत होते, पण घास तोंडात धरला की कळ थेट डोक्यात जायची. पायाची बोटं आपोआप थरथरायची. फळीवर चढताना पंजा निसटायचा. शेपटीचं मूळ वाळून हाड दिसू लागलं.

"वय झालं हो त्याचं," आई म्हणाली.

"नखरे करतोय. दोन दिवस लक्ष देऊ नका, झक मारत खाईल," काचवाले म्हणाले. पण पुन्हा पुन्हा येऊन ताटलीत बघत तेच होते.

लेकीने एका सकाळी माझी बोटं थरथरताना पाहिली. तिने कामावर सुट्टी सांगितली आणि मला टोपलीत टॉवेलवर निजवून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आई आणि काचवालेही निघाले.

डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी माझा जबडा दोन बोटांत धरून अगदी हलके दाबला. तो रबरासारखा वाकला. लेकीचा चेहरा उतरला. मग त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला. माझी हाडं असायला हवीत तशी पांढरी नव्हती, धुरकट दिसत होती.

"याच्या हाडांतलं कॅल्शियम गेलंय," डॉक्टर म्हणाल्या. "याची मुख्य कारणं दोन असतात. एक तर पुरेसं ऊन मिळत नसेल. तसं असेल तर अजून वेळ आहे, थोडाच आहे, पण आहे. दुसरं म्हणजे म्हातारपणात मूत्रपिंडं निकामी होतात, तेव्हाही हाडं अशीच होतात. तसं असेल तर मी फार काही करू शकणार नाही. ऊन मिळतं का याला?"

"भरपूर," लेकीने तोंड उघडायच्या आत काचवाले बोलले. "दिवसभर उन्हातच पडलेला असतो."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "मग मूत्रपिंडांचंच असावं," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी शेपटीतून रक्त काढून तपासायला पाठवलं आणि तोवर पातळ औषध दिलं. "याला आता उचलू नका. नुसतं धरताना पाय मोडेल."

घरी आल्यावर सगळ्यांनी हातपाय गाळले. आईने फळी काढून जमिनीवर मऊ चादर अंथरली. लेक थेंब थेंब औषध माझ्या ओठांशी लावत बसायची. मी तिच्याकडे बघायचो. मला खूप भीती वाटत होती, मित्रांनो. आम्हाला रडता येत नाही, कण्हता येत नाही. "बाहेर नेऊन ठेव मला," एवढं सांगता आलं असतं तर. पण मलाही कुठे माहीत होतं की तेवढंच हवंय?

काचवाले रोज सकाळी कापड घेऊन यायचे आणि ती काच लख्ख पुसायचे. "निदान ऊन तरी चांगलं मिळू दे बिचाऱ्याला," असं पुटपुटायचे.

मग डॉक्टरांचा फोन आला. लेकीने तो ऐकला आणि ती भिंतीला टेकली. "मूत्रपिंडं चांगली आहेत म्हणतात," ती म्हणाली. "आणि विचारतायत, ऊन नक्की कुठून येतं. त्या स्वतः बघायला येतायत."

डॉक्टर आल्या त्या थेट गॅलरीत. माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या, वर पाहिलं आणि बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं.

"ही कधी बसवली?"

"मागच्या थंडीत. मी स्वतः," काचवाले म्हणाले. "कुठे फट सापडायची नाही."

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "काचेतून ऊब येते, उजेड येतो. पण उन्हातलं जे याच्या हाडांना लागतं, ते काच आत येऊ देत नाही. हा उजेडात बसून उन्हासाठी उपाशी आहे."

काचवाल्यांनी काचेकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. "मीच केलं म्हणजे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"तुम्ही मायेने केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "आता ऊन आत कसं आणायचं ते बघा. याला हलवता येणार नाही. आणि उशीर नको."

ऊन गॅलरीतून सरकायला लागलं होतं. पुट्टी खरवडून काच अख्खी काढायची तर संध्याकाळ झाली असती, इतकी ती घट्ट बसवलेली. काचवाल्यांनी आयुष्यात बसवलेली काच कधी फोडली नव्हती. त्यांनी खळ कालवली आणि तुकडे उडू नयेत म्हणून काचेवर वर्तमानपत्रं चिकटवली. आईने आणि लेकीने माझ्यापुढे जाड गोधडी ताणून धरली. मग पलीकडे हातोडीचा एकच घाव पडला.

गोधडी बाजूला झाली. वारा आत आला, आणि त्याच्याबरोबर ऊन आलं. ते माझ्या पाठीवर पडलं. मी डोळे मिटले.

त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. नंतरही बरेच दिवस आई भोपळा उकडून, कुस्करून बोटाने भरवत होती. आणि मग एका सकाळी मी लेकीच्या हातातलं जास्वंदीचं फूल अख्खं ओढून घेतलं. आई पदराने डोळे पुसत "खादाड कुठला" म्हणाली. माझा एक पाय वाकडा राहिला आहे आणि उड्या मारणं आता जमत नाही. पण मी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी मुका जीव असेल, तर त्याने ताटलीतलं काही सोडलं की त्याला नखरेल म्हणू नका आणि म्हातारा म्हणून सोडूनही देऊ नका. त्याच्याजवळ खाली बसा. तुम्ही त्याला मायेने जे दिलं आहे, ते त्याच्यापर्यंत पोचतंय ना, एवढं बघा.

आता थंडीत काचवाले संध्याकाळी गॅलरीला जाड पडदा लावतात आणि ऊन आलं की न विसरता काढतात. येणारे-जाणारे हसून विचारतात, "काय हो, गावभर काचा बसवता, आणि तुमच्याच घरची चौकट रिकामी?"

काचवाले माझी मान खाजवत राहतात. "ती त्याची आहे," एवढंच म्हणतात.