उस्तादांची जीभ

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. थेंबभर सूप तळहातावर घेऊन जिभेला लावलं की मीठ किती कमी आहे, हे तो बिनचूक सांगे.

त्याला रक्तदाबाचा त्रास निघाला तेव्हा बायकोने कंबर कसली. ती लाँड्रीत कामाला होती, सकाळी त्याच्या आधी निघायची. जाताना गोळीची आठवण करायची आणि संध्याकाळी आल्या आल्या गोळ्यांचं पाकीट तपासायची. रोज एक गोळी कमी झालेली असे. सुरुवातीचा महिनाभर तर तो घरचं जेवणही नावं न ठेवता जेवला. "औषधाने डोकंही थंड झालंय," असं तिने बहिणीला कौतुकाने सांगितलं होतं.

पाच महिन्यांनी तो कॅन्टीनमध्ये चुलीपाशीच कोसळला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं.

दवाखान्यात कॅन्टीनची भाजी चिरणारी बाई भेटायला आली. बाकावर उस्तादांच्या बायकोशेजारी बसली.

"वहिनी, एक सांगायचंय. रागावू नका."

"बोला ना."

"उस्तादांनी गोळी कधीच सोडली होती. रोज कॅन्टीनच्या मोरीत टाकायचे."

"काहीतरीच काय! मी रोज पाकीट बघत होते."

"तुम्ही बघता म्हणूनच टाकायचे. त्या गोळीने त्यांची चव गेली होती हो. तोंडात नुसतं लोखंड चघळल्यासारखं, म्हणायचे. दोनदा सूप खारट झालं. मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला, उस्ताद, आता म्हातारे झालात. मग बंद केली गोळी. पंधरा दिवसांत चव परत आली. आम्हाला दम दिला, घरी कळलं तर याद राखा."

बायकोने तडक डॉक्टरांना गाठलं.

"चव जाते कधीकधी त्या गोळीने," डॉक्टर म्हणाले. "एका शब्दाने बोलले असते तर दुसरी लिहून दिली असती."

"तुम्ही विचारलं होतंत त्यांना?"

डॉक्टरांनी कागद उलटला, परत सुलटा केला. दारापाशी पुढचा पेशंट उभा होता.

मग तिला आठवलं, आपणही रोज विचारत होतो ते "घेतली का?" एवढंच. कशी वाटते, हे एकदाही नाही. चार दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र तिने त्याला कधीच कळू दिलं नाही. आधीच मेलेल्याला आणखी काय मारायचं!

महिन्याने त्याला घरी आणलं. नवी गोळी सुरू झाली होती. पहिल्याच सकाळी तिने ती त्याच्या डाव्या हातावर ठेवली, पेला ओठांना लावला. त्याने कशीबशी गिळली. अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. मग, तिने काही म्हणायच्या आतच, त्याने आ वासला आणि जीभ वर उचलून खालची रिकामी जागा दाखवली. शाळेत नखं तपासायला हात पुढे करतात तशी.

"मिटा हो तोंड," ती म्हणाली. "मी कुठे काही विचारलं?"

तो तसाच, तोंड उघडं ठेवून, तिच्याकडे बघत राहिला.