सेजलच्या पोटावरचे माझे चार दिवस

मी एक जुना इन्फ्युजन सेट आहे. जुना म्हणजे केवढा? तर चार दिवसांचा! हसू नका, मित्रांनो. आमच्यात तीन दिवस म्हणजे भरलेलं आयुष्य, आणि चौथा दिवस म्हणजे निव्वळ आगाऊपणा.

दिसायला मी अगदी किरकोळ. एक चिकटपट्टी, एक लांब नळी आणि सुईच्या मदतीनं कातडीखाली शिरणारं एक मऊ, बारीक टोक. गोव्यातल्या साखळी गावच्या बारा वर्षांच्या सेजलच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. ते तिच्या कमरेच्या पंपातून निघतं आणि माझ्यातून थेंबाथेंबानं तिच्या पोटात जातं. पाकिटात बंद होतो तेव्हापासून मला एकच कुतूहल होतं. माझ्या आधीचे सेट जातात कुठे? गेलेला एकही परत आला नव्हता.

पहिले दोन दिवस काय मजेत गेले! चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. सेजलनं बाबांबरोबर गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला काकड्या आणि सुपारीचे घोस बांधले, फुगड्या घातल्या. मी जागचा हललो नाही. "शाबास रे!" म्हणत तिनं मला थोपटलं, तेव्हा मी फुशारून गेलो.

तिसऱ्या दिवशी चवथ. सेजलनं नव्या सेटचं पाकीट काढलं, तोच पेडण्याहून आलेली पद्मावती काकी आडवी आली.

"देव घरात असताना सुई टोचून रक्त काढायचं नाही गो, बाय. उद्या गणपती पोचवला की बदल."

सेजलच्या आईनं बोलायला तोंड उघडलं, पण मोठ्या जावेपुढे ते मिटलं. टोचणं टळलं म्हणून सेजल खूश. आणि मी? मला तर विसर्जन बघायला मिळणार होतं!

चौथ्या दिवशी दुपारी सेजलनं दोन नेवऱ्या, म्हणजे गोड करंज्या, खाल्ल्या आणि त्यांच्या हिशोबानं इन्सुलिन घेतलं. तरी रक्तातली साखर चढतच राहिली. तिनं पुन्हा घेतलं. साखर खाली यायचं नाव घेईना. तिच्या तोंडाला कोरड पडली, मग उलटी झाली.

"पंप तर दिलं म्हणतोय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मग गेलं कुठं?"

मलाही तोच प्रश्न पडला. मग लक्षात आलं. माझ्या टोकाभोवतीची कातडी सुजून कडक झाली होती आणि इन्सुलिन पुढे शिरतच नव्हतं. मी आपला देत होतो, आणि पोर कोरडीच राहिली होती. माझा जीव कासावीस झाला.

आईनं घाईनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "जुन्या सेटवर विसंबू नका. आत्ता इन्सुलिनच्या पेननं सुई द्या, दुसऱ्या जागी नवा सेट लावा, साखर तपासत राहा. उलट्या थांबल्या नाहीत तर थेट हॉस्पिटलात आणा."

काकीनं एकदा गणपतीकडे बघितलं, मग सेजलच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे.

"बघत काय राहिलीस? दे तिला सुई," ती जावेला म्हणाली.

मला काढलं तेव्हा रक्ताचा एक थेंब आलाच. काकीनं तो आपल्या नव्या लुगड्याच्या पदरानं टिपला. "पोरीला जगवायला टोचलं म्हणून रागावणारा देव नव्हे हा," ती पुटपुटली, आणि तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळपर्यंत साखर उतरू लागली. आरतीला घुमट हे मातीचं वाद्य वाजलं तेव्हा सेजल उठून बसली होती.

मी आता वापरलेले सेट आणि सुया टाकायच्या एका जाड, झाकणाच्या बाटलीत आहे. माझं कुतूहल फिटलं. आधीचे सगळे सेट इथंच आहेत, वेळेवर येऊन निवांत पडलेले. "तुला का रे उशीर झाला?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मला मान वर करवेना.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हांला सगळे सांगतात. मी उलटं सांगतो. मला जपू नका! दोन-तीन दिवसांत मला काढाच. जागा सुजली, दुखली, किंवा साखर उगाच चढली, तर तेवढंही थांबू नका.

काकी अजून साखळीतच आहे. आत्ताच बाहेर तिचा आवाज कडाडला:

"सेजल, तिसरा दिवस गो आज! आधी तो सेट बदल, मग जेवायला बस."