तीन पाण्यांची डाळ

गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून गौराची डाळ शिजेनाशी झाली. अकरा वर्षं जव्हारात सुमनताईंच्या खाणावळीत जिच्या वरणासाठी लोक दोनदा भात मागून घ्यायचे, तिच्या पातेल्यात आता डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे. गावात ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार! मुलींच्या वसतिगृहातले साठ डबे इथूनच जायचे. तिथल्या बाईंनी निरोप धाडला की शनिवारपर्यंत वरण सुधारलं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरी सोय बघतो.

सुमनताई घाबरल्या, आणि घाबरलेलं माणूस हाताशी असेल त्याच्यावर आधी घसरतं.

"गौरा, तुझं कामात लक्ष नाही."

"लक्ष हाय ताई. पान्यात खोट हाय. जिभंवर ठेवलं तरी जड लागतं."

"पाणी तेच आहे, नळाचं. डाळ बदलून बघितली, दुकान बदललं, कुकरची रिंग बदलली. आता बदलायची राहिलीस तू."

"सोडा टाक म्हणाल तं तो मी टाकनार नाय. पोरींच्या पोटात जायचंय ते."

सुमनताईंनी तिच्या हातातली पळी काढून घेतली. "सोमवारपासून नाशिकचा आचारी येतोय. तोवर तू नुसत्या भाकऱ्या थाप."

गौरा रडली नाही. तिला राग आला, आणि यायलाच हवा होता. सूर्यमाळच्या ज्या पाड्यावर ती लहानाची मोठी झाली, तिथे होळीनंतर एकेक झरा आटत जातो आणि बायकांना दर पंधरवड्याला नव्या पाण्याशी ओळख करून घ्यावी लागते. कुठल्या पाण्यात आंबील छान होते, कुठल्या पाण्यात डोकं धुतलं तर केसांचा काथ्या होतो, हे तिला दहाव्या वर्षीच कळत होतं. पण भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या जिभेवर विश्वास ठेवतो कोण?

ठेवला तो एकट्या गोवर्धनकाकांनी, सुमनताईंच्या यजमानांनी. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून अर्ज लिहिणं हाच त्यांचा विरंगुळा. "गौरा म्हणते ते खरं आहे. दोष नळाच्या पाण्यातच आहे!" असं म्हणून त्यांनी दोन पानी तक्रार पाणीखात्याकडे धाडली. नळाचं पाणी त्यांना तसंही आवडत नसे. त्यांचा जीव होता परसातल्या बोअरवर. जागा दाखवायला आलेल्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ तिथे खाडकन उभा राहिला होता, ही गोष्ट त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगून झाली होती. सुमनताईंनी मात्र बोअर लागली त्याच दिवशी बजावलं होतं, हे पाणी झाडांना आणि अंगण धुवायला, स्वयंपाकघरात त्याचा थेंब येता कामा नये.

गुरुवारी पाणीखात्याचा सर्वेश आला. पोरगा कामाला चोख होता. फाटकाशी असलेल्या नळाची तोटी सोडून त्याने बाटलीत पाणी घेतलं, त्यात पूड टाकली, पाणी लाल झालं. मग नळीतून थेंब मोजत सोडायला लागला. थोड्याच थेंबांत लालाचं निळं झालं.

"काका, धरणाचं पाणी आहे हे. एकदम मऊ. जड पाणी असतं तर मी अजून थेंबच मोजत बसलो असतो."

सुमनताईंनी गौराकडे असं बघितलं की तिला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण क्षणभरच.

"सायेब, ह्यो नळ आंगनातला," ती म्हणाली. "मी रांधते ते वरच्या टाकीच्या पान्यात."

"टाकीत तरी नळाचंच पाणी चढतं ना?"

"मग दुसरं कुठलं चढणार?" सुमनताई फणकारल्या.

गोवर्धनकाका एकाएकी तुळशीची वाळकी पानं खुडायला लागले. सर्वेशला पुढे तीन ठिकाणी जायचं होतं, तो गेला. गौराची नजर मात्र काकांच्या त्या बोटांवर खिळून राहिली. पाडव्याच्या सकाळी तिने पुरण शिजवलं होतं, ते लोण्यासारखं मऊ झालं होतं. वरण बिघडलं ते दुसऱ्या दिवसापासून. पाडव्याच्या दुपारी काका परसात पूजेचं ताट घेऊन काय करत होते, हे आता तिच्या ध्यानात यायला लागलं.

ती भाकऱ्या थापायला वळली. काकांवर आळ घेतला असता तर नवराबायको एक झाले असते आणि तीच खोटी पडली असती.

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा तिने शेगड्यांवर तीन सारखी पातेली मांडली. त्यांच्या पाड्यावर लग्नघरी ही रीत आहे. हळदीच्या आदल्या दिवशी रांधणारी बाई आसपासच्या प्रत्येक पाण्यात मूठमूठ डाळ लावून बघते आणि ज्यात ती आधी मोडेल तेच पाणी जेवणावळीला आणतात. नवऱ्या मुलाचा बाप मध्ये बोलला तरी त्याचं कोणी ऐकत नाही.

"ताई, काका, दोघंबी इथं बसा. डाळ एकाच डब्यातली. ह्ये आंगनातल्या नळाचं पानी, ह्ये टाकीचं, ह्ये बोअरचं."

"बोअरचं कशाला?" काका पुटपुटले.

"असू द्या. बघू."

पाऊण तास झाला. गौराने पहिल्या पातेल्यातला दाणा चिमटीत धरला, तो धरल्याबरोबर विरघळला. तिसऱ्यातला, बोअरच्या पाण्यातला, बारीक खडीसारखा तसाच. मग मधल्यातला दाणा तिने सुमनताईंच्याच हातावर ठेवला. त्यांनी दाबला, पुन्हा दाबला. मोडेना.

सुमनताई काही खुळ्या नव्हत्या. त्या सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "अहो?"

"नळ दिवसाआड येतो," काका खाली मान घालून म्हणाले. "टाकी अर्धीच राहायची. पाडव्याचा मुहूर्त चांगला होता. म्हटलं, बोअरचा कॉक टाकीकडे थोडा उघडावा."

"थोडा?"

"पुरता उघडला. पण त्या पाण्यात दोष असेल असं मनातसुद्धा आलं नाही गं. नारळ उभा राहिला होता!"

त्यांनी नळाच्या पाण्याची तक्रार लिहिली ती मनापासून लिहिली होती, हे दोघींनाही कळलं. म्हणून तर त्यांच्यावर धड ओरडताही येईना.

सुमनताईंनी पळी उचलली आणि गौरापुढे धरली. "चुकले मी, गौरा. अकरा वर्षं तुझा हात बघितला आणि दोन आठवड्यांत त्याच्यावरच अविश्वास दाखवला. नाशिकला आत्ता फोन करून नको म्हणून सांगते."

इतके दिवस कोरडे राहिलेले गौराचे डोळे आता भरून आले. तिने ते पदराने पुसले, कारण साठ डब्यांचं काम पडलं होतं. "आधी कॉक बंद करा. टाकी घासून घ्या. आजचं पानी मी नळावरून भरते."

दुपारी डबे गेले. संध्याकाळी परत आले ते पुसून ठेवल्यासारखे, आणि वसतिगृहाच्या बाईंचा निरोप आला की सोमवारपासून वरण जरा जास्त पाठवा.

काका मात्र अजून स्वयंपाकघरातच होते. सकाळी टाकी घासून ते खाली आले, तेव्हा गौराने बोअरचं पातेलं बारीक आचेवर ठेवून पळी त्यांच्या हातात दिली होती.

"पान्यात दोष नाय म्हनता ना काका? मग ढवळा. डाळ शिजली का मला हाक मारा."

दिवेलागण झाली. गौराने उद्याचे तांदूळ निवडले, शेगड्या पुसल्या, पायात चपला घातल्या. हाक काही आली नाही.