चिवट रक्त

ओर्नेलाने तिसऱ्यांदा लोहचुंबक परीक्षानळीला टेकवला आणि श्वास रोखून पाहिलं. तांबड्या पेशींनी त्याच्याकडे सरकायला हवं होतं. त्या ढिम्म हलल्या नाहीत.

"आजही रुसल्या का?" शेजारच्या टेबलावरून नेविओने विचारलं. दोघं चार वर्षं याच प्रयोगशाळेत होते.

"पाणी बदललं, मीठ बदललं. आता मीच बदलायची राहिलेय."

काम तसं सरळ होतं. कमी मिठाच्या पाण्यात पेशी सोडायच्या. त्या फुगतात, त्यांच्या अंगाला बारीक भोकं पडतात आणि तेवढ्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण आत शिरतात. मग मीठ वाढवलं की भोकं बुजतात. पुढे रक्तातून फिरताना या पेशी यंत्राला शरीराच्या आतलं चित्र दाखवणार असतात. काल रक्त देणारा आयत्या वेळी आलाच नाही, म्हणून तिच्या नवऱ्याने, फेरुच्चोने, बाही वर सारली होती.

हे नवलच होतं. तो डोंगरातला गवंडी. बोटावर दगड पडला तरी हूं की चूं करायचा नाही, पण सुई पाहिली की पांढराफटक. ओर्नेलाला तिसरा महिना लागला होता. ती स्वतः थॅलेसेमियाची वाहक. आई पो नदीच्या मुखाकडची, तिकडे हे बऱ्याच घरांत असतं. वाहकाला स्वतःला त्रास नसतो. पण दोघंही वाहक निघाले तर मूल जन्मभर दुसऱ्यांच्या रक्तावर जगणारं होऊ शकतं. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या होत्या, "बाळाच्या बाबांची तपासणी करून घ्या." तो मात्र दर वेळी "आम्ही डोंगरातली माणसं, आमच्यात असलं काही नाही," म्हणून अंग काढून घ्यायचा. शेवटी दंड पुढे केला तो तिच्या कामासाठी.

"अगं, आधी त्या फुटतात तरी का ते बघ," नेविओ म्हणाला आणि त्याने स्वतःचंच बोट टोचून तुलनेसाठी थेंब दिला.

दोन नळ्यांत अगदी पातळ मिठाचं पाणी, दोघांचा एकेक थेंब. पेशी फुटल्या की पाणी सरबतासारखं नितळ लाल होतं. तिने मागे वर्तमानपत्र धरलं. नेविओच्या नळीतून फुटबॉलची बातमी स्वच्छ वाचता आली. फेरुच्चोची नळी गढूळच राहिली.

"चिवट आहे गडी!" नेविओ हसला. "अशा पेशी कुणाच्या असतात गं?"

ओर्नेलाने नळी पुन्हा हलवून पाहिली. तिचं स्वतःचं रक्त या कामाला कधीच घेत नसत, आणि वाहकाच्या पेशी अशा पाण्यात सहजी फुटत नाहीत हे तीच दर नव्या विद्यार्थ्याला समजावून सांगायची. तरीही नळी खराब असेल, थेंब मोठा पडला असेल, काल रक्त जास्त वेळ थंडीत राहिलं असेल, असं काहीबाही तिच्या डोक्यात फिरत होतं. एक धड विचार सुचत नव्हता. तिला भीती वाटत होती.

नेविओ कॉफी आणायला गेला. ओर्नेलाने आपलं बोट टोचलं, तिसऱ्या नळीत थेंब सोडला आणि वाट पाहिली. मग फेरुच्चोची आणि आपली नळी जवळजवळ धरून वर्तमानपत्र मागे लावलं. दोन्हींतून एक अक्षर दिसेना.

फोन वाजला.

"काय म्हणतंय आमचं रक्त? खाल्लं का लोखंड?"

"नाही."

"म्हणजे नापास? एवढा जीव मुठीत धरून दिलं होतं मी!"

तिने नळ्या उजेडासमोर धरल्या. हातात फिरवता फिरवता कोणती कुणाची तेच तिला कळेनासं झालं.

"फेरुच्चो, तुझं रक्त अगदी माझ्यासारखं आहे रे."

तो मनापासून हसला. "मग झालंच की! आणखी काय पाहिजे? येताना गरम क्रेशा आणतो, ती चीज भरलेली रोटी. आता दोघांचं खायचंय तुला."

"लवकर ये," ती म्हणाली. सकाळपासूनचा गोंधळ संपला होता, आणि आपल्याला पुन्हा काही कळेनासं व्हावं असं तिला फार वाटत होतं.